टाचेतला थेंब

माणसाच्या जनुकांचं पहिलं वाचन पुरं व्हायला १३ वर्षं लागली, २००३ पर्यंत. २०१२ साली अमेरिकेत, कॅन्सस सिटीला, अतिदक्षता विभागातल्या बाळांची जनुकं सुमारे ५० तासांत वाचून निदान होऊ लागलं!

आमच्या गोंदियाकडचा जुना जनुकीय आजार म्हणजे सिकलसेल. इंग्रॅमने १९५६ साली त्याचं मूळ हिमोग्लोबिनमधल्या बारीकशा बदलात शोधलं. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली त्याची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. म्हणजे हे कोडं केव्हाच सुटलंय. त्याला अख्खं जनुकवाचन लागत नाही, बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब पुरतो. जन्मतःच कळलं तर पेनिसिलिन आणि लसी देऊन बाळाला अतिदक्षतेच्या दारापासून पुष्कळदा लांब ठेवता येतं.

यंत्रं तासांवर आली खरी... पण सालेकसा-देवरीच्या बाळापर्यंत तो थेंब घ्यायला वेळेत पोचणार कोण?