जवानाचं माप कसं ठरतं? भरतीच्या टेपपासून बुलेटप्रूफ जाकिटापर्यंत

पालघर : भरतीची जाहिरात आली की जव्हार-विक्रमगडपासून बोईसरपर्यंत पोरं पहाटे पळायला लागतात. उंची भरेल का, छाती फुगेल का, हीच काळजी. अग्निवीर जनरल ड्युटीसाठी महाराष्ट्रातल्या मुलांना १६८ सेंमी उंची लागते. मान्यताप्राप्त आदिवासी भागातल्या आदिवासी उमेदवारांना १६२. श्वास भरल्यावर छाती ५ सेंमी फुगली पाहिजे. सवलती जाहिरातीतच लिहिलेल्या असतात, ती पूर्ण वाचा.

हे झालं आत घेण्याचं माप. आत गेल्यावर गणवेश, बूट, हेल्मेट, बुलेटप्रूफ जाकीट लागतं, त्याचं माप वेगळं. लाखो जवानांना एकेकाचं माप घेऊन शिवणं परवडत नाही. म्हणून काही हजार लोकांची अंगाची मापं घेतात आणि त्यावरून साइज पाडतात.

इथं सरासरी काढून चालत नाही. १९५० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने ४,०६३ वैमानिक मोजले. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी त्यातली १० मापं तपासली, तर दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक निघाला नाही! म्हणून शंभर जण उंचीने रांगेत उभे केले, तर दोन्ही टोकांचे पाच-पाच सोडून मधल्या नव्वदांना बसेल अशी वस्तू करतात. सीट मागेपुढे होते, पट्टे सैल-घट्ट होतात, ते त्यासाठीच.

वस्तू बदलता येत नाही तिथे माणूस निवडतात. आपल्या हवाई दलात वैमानिकाची बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंमी लागते, मांडीची लांबी ६४ पेक्षा जास्त चालत नाही. कॉकपिटमध्ये जागाच तेवढी.

आपल्याकडे कपड्यांच्या साइजला बरेच दिवस परदेशी तक्त्यांचाच आधार होता. रेडिमेड शर्टाच्या बाह्या मलाही लांबच होतात. तारापूर एमआयडीसीतल्या कटिंग मास्तरांना हे सांगायला नको. मग निफ्ट संस्थेने 'इंडियासाइज' सर्वेक्षण हाती घेतलं : सहा शहरं, २५,००० माणसं, वय १५ ते ६५, मोजणी थ्रीडी स्कॅनरने. त्यात आपल्या जवळचं शहर मुंबई. पण सहाही शहरंच. अनवाणी चालणाऱ्याचा पंजा रुंद होतो. मोखाड्याच्या पोराचा पाय त्या तक्त्यात कितपत येणार, हा माझा प्रश्न आहे.

घरी उंची मोजायची तर अनवाणी, टाचा भिंतीला लावून, आणि संध्याकाळी मोजा. सकाळपेक्षा संध्याकाळी ती सेंमीभर कमी भरते, आणि मैदानावर नंबर कधी लागेल याचा नेम नाही.