जुन्या भिंगांचे दुसरे आयुष्य

१९४९ साली ड्रेस्डेन येथे काँटॅक्स एस हा कॅमेरा निघाला आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची भिंगे रूढ झाली. पुढे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्याने झाइसच्या युद्धपूर्व बायोटार भिंगाच्या धर्तीवर हेलिऑस-४४ लक्षावधींनी काढले. फिल्म मागे पडली तशी ही भिंगे अडगळीत गेली. परंतु २००८ मध्ये आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आले. आरसा गेल्याने भिंग व चित्रपटल यांतील अंतर घटले. तेवढे अंतर भरून काढणारे एक पोकळ कडे, ज्यात काचही नसते, मध्ये बसविले की जुने भिंग पुन्हा कामास लागते. दृश्य स्पष्ट करणे अर्थात हातानेच! मात्र घेणाऱ्याने भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे तंतू आहेत काय, हे आधी पाहावे. गोव्यासारख्या दमट हवेत ही बुरशी सहज धरते व काचेवरील लेप कायमचा खाऊन टाकते.