प्रोजेक्ट हेल मेरी (कादंबरी)

प्रोजेक्ट हेल मेरी ही अमेरिकन लेखक अँडी वीअर यांची विज्ञान कादंबरी आहे. ती मे २०२१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. द मार्शियन आणि आर्टेमिस यांच्यानंतरची ही वीअर यांची तिसरी कादंबरी होय. अमेरिकन फुटबॉलमध्ये पराभव समोर दिसत असताना अखेरचा उपाय म्हणून केलेल्या लांब फेकीला 'हेल मेरी' म्हणतात. मूळ शब्द मारियामातेच्या प्रार्थनेचे आहेत.

== कथानक ==
रायलंड ग्रेस हा शाळेतील विज्ञानशिक्षक एका अंतराळयानात जागा होतो, तेव्हा त्याला स्वतःचे नावही आठवत नसते. सोबतचे दोघे मरण पावलेले असतात. खाली पडणाऱ्या वस्तूला लागणारा वेळ मोजून तो त्वरण काढतो. ते १५ मी/से² भरते, म्हणजे आपण पृथ्वीवर नाही, हे त्याला कळते. पुढील कथा वर्तमान आणि हळूहळू परतणाऱ्या आठवणी अशा दोन धाग्यांनी उलगडते.

अ‍ॅस्ट्रोफेज नावाचे एकपेशीय सजीव सूर्याची ऊर्जा शोषत असल्याने पृथ्वी गोठण्याच्या मार्गावर आहे. आसपासचे तारेही मंदावत आहेत. अपवाद फक्त सुमारे १२ प्रकाशवर्षे दूर असलेल्या टाउ सेटीचा. त्याचे कारण शोधण्यासाठी हे यान निघाले आहे. त्यात परतीचे इंधन नाही.

तेथे ग्रेसला ४० एरिडानी या ताऱ्याकडून त्याच कामासाठी आलेला रॉकी भेटतो. पाच पायांच्या या जीवाला डोळे नाहीत; तो ध्वनीच्या साहाय्याने परिसर जाणतो व सुरांच्या मेळातून बोलतो. त्याला अमोनियाचे, पृथ्वीच्या २९ पट दाबाचे वातावरण लागते, त्यामुळे दोघांमध्ये कायम एक भिंत राहते. अंक, काळ आणि पदार्थविज्ञान यांपासून आरंभ करून ते परस्परांची भाषा शिकतात. कादंबरीचा हाच भाग सर्वांत रंगतदार आहे.

रॉकीच्या लोकांना सापेक्षता सिद्धान्त ठाऊक नसल्याने प्रवासाचे त्यांचे गणित चुकलेले असते आणि यानात इंधन पुष्कळ उरते. हेच अज्ञान ग्रेसच्या परतीची वाट खुली करते. किरणोत्साराविषयीच्या अज्ञानाने मात्र रॉकीच्या २२ सहकाऱ्यांचा बळी घेतलेला असतो. ग्रेसही स्वेच्छेने निघालेला वीर नव्हता, त्याने नकार दिल्यावर त्याला बळजबरीने पाठवले गेले होते, हे उत्तरार्धात उघड होते. अखेरीस पृथ्वीकडे परतण्याची संधी हाती असताना तो संकटात सापडलेल्या रॉकीकडे वळतो. या वेळी निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

== वैज्ञानिक आधार ==
अ‍ॅस्ट्रोफेज आणि झेनोनाइट हा अतिकठीण पदार्थ या लेखकाच्या कल्पना आहेत. त्या एकदा मान्य केल्या की पुढील बहुतेक घटना ज्ञात नियमांनुसार घडतात. उदाहरणार्थ, पृथ्वीवर सुमारे १३ वर्षे लोटतात, तेव्हा कालविस्तारामुळे यानात चार वर्षेही पूर्ण होत नाहीत. ४० एरिडानीभोवती ग्रह असल्याचा दावा २०१८ मध्ये झाला होता व कादंबरीने त्याचाच आधार घेतला. तो संकेत ताऱ्याच्याच हालचालींचा असावा, असे नंतरच्या निरीक्षणांतून पुढे आले.

== स्वागत ==
ही कादंबरी २०२२ च्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. ग्रेसचा सततचा विनोदी सूर काही समीक्षकांना उथळ वाटला. रॉकी मात्र वाचकांचा विशेष लाडका ठरला. रे पोर्टर यांनी वाचलेल्या श्राव्य आवृत्तीत रॉकीचे बोलणे सुरांसह ऐकू येते, जे छापील पानावर शक्य नव्हते. या आवृत्तीला ऑडी पुरस्कार मिळाला. कादंबरीवर आधारित चित्रपटाचे दिग्दर्शन फिल लॉर्ड व क्रिस्तोफर मिलर यांनी केले असून ग्रेसची भूमिका रायन गॉसलिंग यांची आहे.