परसातले बी

अष्टागराचा इतिहास म्हटला, की आम्हा मंडळींना आंग्रे आणि कुलाब्याचा किल्ला आठवतो. माझ्यापुरता मी त्यात पांढऱ्या कांद्याचे बी घालतो. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची नोंद आहे. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. कांदा मात्र तोच राहिला.

तो राहिला कसा? कांद्याचे बी मोठे अल्पायुषी. साधे ठेवले, तर वर्षभरातच त्याची उगवण ढासळते. बरे, बी पेरले की पहिल्या खेपेस मिळतो तो नुसता कांदा. बी हवे, तर पोसलेले कांदे न खाता पुन्हा जमिनीत लावायचे. मग दांडे येतात, पांढरे गोंडे फुलतात आणि त्यांत काळे बी धरते. जवळपास लाल कांदा फुलला, तर मधमाश्या भेसळ करणारच! कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांतून हा खटाटोप दरसाल चालला, म्हणून गॅझेटियरातला कांदा ताटात उरला. भौगोलिक मानांकनासाठी अर्ज झाला तो २०१९ साली, आणि पुढे ते मिळालेही.

आमच्या घरी हे खाते आजीकडे होते. माळेतले सर्वांत देखणे कांदे ती आधीच काढून ठेवी आणि दिवाळीच्या सुमारास परसात, विहिरीच्या कडेला लावी. तोवर घरात कितीही पाहुणे येवोत, त्या कांद्यांना हात लावण्याची आजोबांचीही छाती नव्हती.