पाहुणी

मागच्या महिन्यात नातीचा फोन आला. यंदा कॉलेजात मानसशास्त्र घेतलंय तिनं. पहिला तास कसा झाला ते सांगायची कोण घाई! "आजी, मॅडमनी पहिल्या दिवशी शिकवलं काहीच नाही गं. सगळ्यांची नावं विचारली, कुठून आलात ते विचारलं आणि म्हणाल्या, दिवाळीपर्यंत ही सत्तर नावं मला पाठ हवीत. चुकले तर खुशाल टोका."

"म्हणजे तुमच्या मॅडमना मानसशास्त्र येतं म्हणायचं," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि एक जुनी गोष्ट मनात घोळत राहिली. तीही मानसशास्त्राच्या वर्गाचीच, पण १८९० सालची आणि दूर अमेरिकेतली. बी.एड.ला असताना विल्यम जेम्स हे नाव मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा त्यांच्या एका विद्यार्थिनीची ओळख झाली. मेरी व्हिटन कॅल्किन्स तिचं नाव. आज तिच्याबद्दल लिहिते.

आधी जेम्सबद्दल थोडं. शिक्षणानं हे गृहस्थ डॉक्टर. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी १८७५-७६ च्या सुमारास मानसशास्त्र शिकवायला सुरुवात केली. तोवर अमेरिकेत हा विषय तत्त्वज्ञानाच्या पोटातच होता. त्यामुळे जेम्स गमतीनं सांगत, मानसशास्त्रावरचं पहिलं व्याख्यान मी ऐकलं ते माझं स्वतःचंच! १८७८ साली त्यांनी एका प्रकाशकाला पुस्तक लिहून द्यायचं कबूल केलं आणि ते पुरं व्हायला बारा वर्षं लागली. १८९० मध्ये 'प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी'चे दोन जाडजूड खंड बाहेर पडले आणि त्याच शरद ऋतूत त्यांनी नवा वर्ग उघडला.

आता मेरी. जन्म १८६३ चा, वडील पाद्री. स्मिथ कॉलेजातून पदवी घेऊन ती १८८७ पासून बॉस्टनजवळच्या वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात ग्रीक शिकवत होती. कॉलेजला मानसशास्त्र सुरू करायचं होतं, पण शिकवणारं कोणी मिळेना. तेव्हा कॉलेजनं मेरीलाच विचारलं, तू एक वर्ष हा विषय शिकून ये, मग तूच शिकव. (आमच्याकडेही गणिताच्या बाई रजेवर गेल्या की मराठीच्या बाईंना पाठवत, पण वर्षभर शिकून ये असं काही कोणी म्हणत नसे!)

शिकायचं कुठं, हा प्रश्न होता. हार्वर्ड जवळच, पण ते पुरुषांचं. मुलींसाठी १८७९ पासून बाहेर एक वेगळी सोय होती. तिथे हार्वर्डचेच प्राध्यापक येऊन शिकवत, मात्र हार्वर्डच्या वर्गात मुलींना प्रवेश नव्हता. जेम्स आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जोसाया रॉइस दोघेही मेरीला म्हणाले, तू ये, आमच्या वर्गात बस. अध्यक्ष चार्ल्स इलियट यांना हे मंजूर नव्हतं. एकीला घेतलं की पायंडा पडेल, ही भीती. मेरीच्या वडिलांनी विद्यापीठाकडे अर्ज केला, वेलस्लीच्या अध्यक्षांनी पत्र दिलं. जेम्स तर इतके भडकले, की असं वागवल्यावर बायकांनी सुरुंग पेरले तर नवल नाही, अशा अर्थाचं त्यांनी मेरीला लिहिलं.

शेवटी १ ऑक्टोबर १८९० ला परवानगी मिळाली. पण कशी? मिस कॅल्किन्स यांनी वर्गात पाहुण्या म्हणून बसायला हरकत नाही, मात्र त्यामुळे त्या विद्यापीठाच्या विद्यार्थिनी ठरणार नाहीत आणि त्यांची नोंदणी होणार नाही.

थोडक्यात, बस, पण तुझं नाव हजेरीपटावर येणार नाही.

जेम्सच्या त्या वर्गात मेरीशिवाय चार पुरुष विद्यार्थी होते. पहिल्या काही आठवड्यांतच चौघेही गळाले. उरली एकटी मेरी, जिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं! आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पटसंख्या नाही, वर्ग बंद. जेम्सनी वर्ग बंद केला नाही. ग्रंथालयातल्या शेकोटीच्या एका बाजूला गुरू, दुसऱ्या बाजूला शिष्या आणि नुकतंच छापून आलेलं ते पुस्तक, असा तो वर्ग चालला. पुढे आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या आत्मकथनात मेरीनं त्या शेकोटीची आठवण नोंदवून ठेवली आहे. नव्या विद्यार्थ्याचं याहून सुंदर स्वागत मला तरी माहीत नाही.

प्रयोगशाळेचं काम ती क्लार्क विद्यापीठातल्या एडमंड सॅनफर्ड यांच्याकडे शिकली. दोघांनी मिळून एक मजेदार अभ्यास केला. रात्री वेगवेगळ्या वेळांचे गजर लावायचे आणि जाग आली की पडलेलं स्वप्न लगेच लिहून काढायचं. अशी तीनशेहून जास्त स्वप्नं त्यांनी जमवली.

१८९१ मध्ये मेरी वेलस्लीला परतली, ती मात्र 'कॅल्किन्सबाई' होऊन. कॉलेजच्या इमारतीत वर माळ्यावर तिनं प्रयोगशाळा मांडली. मुलींच्या कॉलेजातली ही पहिली मानसशास्त्राची प्रयोगशाळा मानली जाते. पहिल्याच वर्षी पन्नासहून अधिक मुली विषयाला बसल्या. मला ते दृश्य डोळ्यासमोर आणायला आवडतं. आदल्या वर्षी जी स्वतः पाहुणी होती ती आता दारात उभी राहून नव्या मुलींना आत घेते आहे आणि आत येणारी प्रत्येक मुलगी नोंदणी झालेली, हक्काची विद्यार्थिनी आहे.

पुढची हकिकतही सांगायला हवी. काही वर्षांनी बाई पुन्हा हार्वर्डला गेल्या, जर्मनीहून आलेल्या ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत. या वेळीही पाहुण्याच. रंग आणि आकडे यांच्या जोड्या लोकांना दाखवायच्या आणि नंतर नुसता रंग दाखवून आकडा आठवतो का ते पाहायचं, असा त्यांचा प्रयोग होता. कशानं जास्त लक्षात राहतं? ठळकपणानं, नुकतंच पाहिल्यानं की पुन्हा पुन्हा पाहिल्यानं? उत्तर आलं, सगळ्यात जास्त पुन्हा पुन्हा पाहिल्यानं. (पाढे म्हणून घेणाऱ्या आमच्या पिढीला कोणीतरी पाठीशी आहे हे वाचून मला फार बरं वाटलं होतं!) जोड्यांची ही पद्धत स्मरणशक्तीच्या अभ्यासात पुढे कायमची रुजली.

१८९५ च्या मे महिन्यात प्राध्यापकांनी विद्यापीठाला न जुमानता त्यांची पीएच.डी.ची परीक्षा घेतली. परीक्षकांत जेम्सही होते. इतकी उत्तम परीक्षा आपण पाहिली नाही, असं त्यांचं मत पडलं. विद्यापीठानं पदवी नाकारली. कारण एकच, बाई.

आपल्या आनंदीबाई जोशी याच देशात १८८६ साली एम.डी. झाल्या होत्या. पण ते फिलाडेल्फियाचं खास स्त्रियांचं वैद्यकीय कॉलेज होतं. वेगळं दार असलं तर आत जाता येत होतं, मोठ्या दारातून नाही. कॅल्किन्सबाईंनाही १९०२ मध्ये असंच वेगळं दार दाखवलं गेलं. मुलींची ती बाहेरची सोय एव्हाना रॅडक्लिफ कॉलेज झाली होती. हार्वर्डमध्ये काम पुरं केलेल्या चार स्त्रियांना रॅडक्लिफची पीएच.डी. देऊ केली गेली. बाईंनी ती नम्रपणे नाकारली. काम जिथं केलं तिथलीच पदवी हवी, दुसरीकडची घेतली तर हार्वर्डचा प्रश्न तिथंच मिटून जाईल, असा त्यांचा विचार. नोकरीत पदवी उपयोगी पडते हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच या नकाराची किंमत कळेल.

१९०५ साली त्या अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरची पहिली स्त्री. आदल्या वर्षी, १९०४ ला, त्याच खुर्चीवर विल्यम जेम्स होते! १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये शिकलेल्या नामवंतांनी पुन्हा अर्ज केला, पदवी द्या म्हणून. पुन्हा नकार. १९२९ मध्ये त्या वेलस्लीतून निवृत्त झाल्या आणि १९३० मध्ये गेल्या, हार्वर्डच्या पदवीविना. रॅडक्लिफच्या मुलींना हार्वर्डची पदवी मिळू लागली ती १९६३ पासून.

एवढं सगळं मी का लिहिलं? त्याचं कारण त्या 'पाहुणी' शब्दात आहे.

मी शिकवत होते त्या गावाजवळ साखर कारखाना होता. एका वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीतली एक मुलगी माझ्या पाचवीच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. दाखला नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, बसू दे, पण नाव लावू नका. मी बसू दिलं. पहिल्या बाकावर जागा दिली, जुनी पुस्तकं दिली. आपण मोठं चांगलं काम करतोय असं वाटत होतं. रोज हजेरी घेताना ती आपलं नाव येईल म्हणून कान देऊन बसायची, तेवढं माझ्या नजरेतून सुटत नसे. पण नाव नव्हतंच.

फेब्रुवारीत चाचणी झाली. तिनंही पेपर लिहिला. पंचवीसपैकी अठरा मार्क. मार्कांच्या रजिस्टरात तिची ओळ नव्हती, म्हणून वर्गात वाचूनही दाखवले नाहीत. तास सुटल्यावर टेबलापाशी येऊन ती म्हणाली, "बाई, माजं नाव का नाय वाचलं?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अगं, तू आमची पाहुणी ना!"

मला वाटलं, मी तिचे लाडच केले. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात टोळी हलली.

कॅल्किन्सबाईंची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या शब्दापाशी मी थांबले आणि पुस्तक मिटून ठेवलं. जेम्सना नियम बदलता आला नाही, पण त्यांनी तो जाहीरपणे चुकीचा ठरवला, भांडले, परीक्षासुद्धा घेतली. मी वरच्या साहेबांना एक अर्ज लिहू शकले असते. नाही लिहिला. शेकोटीजवळ जागा दिली की काम झालं, असं मी समजले.

नातीला परत फोन केला तेव्हा हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, तिचं नाव काय होतं गं?"

आठवतं मला. कागदावर कुठंच नाही म्हणूनच बहुधा इतकं पक्कं आठवतं. नातीला सांगितलं. तिनं ते एकदा मोठ्यानं उच्चारलं.

असो.