हात अनेक, कर्सर एक

१/ ९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी माउसचे गाजलेले जाहीर प्रात्यक्षिक केले. उजव्या हाताखाली माउस, डाव्या हाताखाली पाच कळांचा संच, मधोमध कीबोर्ड. आरंभीच साधने तीन होती.

२/ १९८४ साली एमआयटीत ‘एक्स विंडो सिस्टिम’ जन्मली. १९८७ च्या तिच्या अकराव्या आवृत्तीने मात्र एक कर्सर आणि एक कीबोर्डच गृहीत धरला. पडद्यापुढे माणूस एकच, हा त्यामागचा समज.

३/ चित्रकारांना हे अपुरे पडले. टॅब्लेटवरची लेखणी स्थानासोबत दाबही सांगते. मूळ संदेशात दाबाला जागाच नव्हती. त्यासाठी ‘एक्स इनपुट एक्स्टेन्शन’ ही पुरवणी आली. ‘गिम्प’ या चित्रसंपादकासाठी घडलेल्या ‘जीटीके’ टूलकिटने, म्हणजे खिडक्या-बटणे रचण्याच्या तयार संचाने, तिच्या आधारे लेखणीचा दाब कुंचल्यापर्यंत पोहोचवला.

४/ पण एकाच पडद्यावर दोघे काम करू लागले तर? ऑस्ट्रेलियात पीटर हटरर यांनी ‘एमपीएक्स’ रचले. त्यातून २००९ साली ‘एक्स इनपुट २’ मध्ये कर्सर-कीबोर्डच्या अनेक स्वतंत्र जोड्या शक्य झाल्या.

५/ खरा पेच पुढेच होता. उघडलेला मेनू कर्सर ताब्यात घेतो. मग एकाने मेनू उघडल्यास दुसऱ्याचा हात अडावा का? २०११ च्या जीटीके ३ ने हा ताबा उपकरणागणिक वेगळा केला. तरीही बहुतेक प्रोग्रॅम आजही एकाच माणसासाठी लिहिले जातात. कर्सर वाढले, जुना समज मात्र टिकून आहे.