भाग २७ : मगन चूल ते आमची मोहाडीची चूल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आजचा विषय चूल. हो तीच, जिच्यावरच्या मटणाचे रील्स आपण रात्री दोन वाजता बघत बसतो.

सुरुवात घरापासून करतो. मी पुण्यात कोड लिहितो, पण घर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीचं. माझ्या आजीला शेवटची काही वर्षं फार दम लागायचा. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "आजी बिडी ओढते का?" आमच्या भागात बिड्या वळणाऱ्या बाया पुष्कळ, त्यामुळे प्रश्न साहजिक होता. पण आजीने आयुष्यात कधी बिडी ओढली नाही. पन्नासेक वर्षं चूल फुंकली, एवढंच. डॉक्टर म्हणाले, "मग तेच."

ते "मग तेच" माझ्या डोक्यातून जाईना. मला वाटायचं, बायांच्या नाकातोंडात जाणाऱ्या धुराकडे कोणी कधी लक्षच दिलं नसेल. वाचायला बसलो तर उलटंच निघालं. लक्ष खूप जणांनी दिलं होतं, आणि पहिल्यांदा लक्ष देणाऱ्यांपैकी काही लोक आमच्या विदर्भातलेच होते.

वर्ध्याच्या मगनवाडीतून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं. गांधीजींनी १९३४ मध्ये सुरू केलेली ही संस्था, आणि जे. सी. कुमारप्पा तिचे मुख्य कार्यकर्ते. घाणीचं तेल, हातकागद, मधमाश्या, सगळ्यावर तिथे प्रयोग व्हायचे. त्याच वातावरणातून १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' आली. मातीचीच चूल, पण सरपण घालायला एक तोंड, वर भांड्यांसाठी एकाहून जास्त जागा आणि मागे धुराडं. जाळ पहिल्या भांड्याखालून पुढच्या भांड्याकडे जातो आणि धूर घराबाहेर. १९५३ मध्ये हैदराबादचे इंजिनिअर एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर पुस्तिकाच काढली.

यामागचं गणित सोपं आहे. उघड्या चुलीत लाकडातली जेमतेम १०-१५ टक्के उष्णता भांड्याला लागते. बाकीची बाजूने उडून जाते. आणि धूर म्हणजे न जळलेलं सरपणच. हवा कमी पडली किंवा लाकूड ओलं असलं की ते पूर्ण जळत नाही. म्हणजे जंगलातून डोक्यावर आणलेल्या मोळीचा काही भाग फुफ्फुसात जातो.

मग सरकार उतरलं. १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो २००२ पर्यंत चालला. देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. आकडा भारी आहे. पण आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट रोज बघतो. ॲप किती जणांनी डाउनलोड केलं आणि महिन्याने किती जण वापरतात, हे दोन वेगळे आकडे असतात. चुलींच्या बाबतीत मोजणी मुख्यतः पहिल्या आकड्याची झाली.

दुसरा आकडा ओडिशात नीट मोजला गेला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुमारे २,६०० कुटुंबांवर धुराड्याच्या सुधारित चुलींचा अभ्यास केला, चार वर्षांपर्यंत. (डुफ्लो म्हणजे २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलवाल्या.) पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या शरीरात जाणारा धूर थोडा कमी झाला. पुढे फरक दिसेना. चुली फुटल्या, दुरुस्त झाल्या नाहीत, लोकांचा वापर कमी होत गेला.

हे वाचलं आणि मला आमच्या स्वयंपाकघरातला कोनाडा आठवला. माझ्या लहानपणी तिथे धुराड्याची चूल होती. कोणी बसवली, हे आता घरात कोणालाच आठवत नाही. तिचं भोक आमच्या भाताच्या गंजापेक्षा लहान, म्हणून आईने ते फोडून मोठं केलं. मग दोन वर्षांत पाइप काजळीने बुजला आणि धूर उलटा घरात यायला लागला. शेवटी तिच्यावर पिठाचा डबा ठेवला गेला.

मी आईला म्हटलं, "पाइप साफ का नाही केला?"
आई म्हणाली, "कसा करायचा, हे सांगितलं कोनं होतं?"

याच प्रश्नाचं एक उत्तर १९८० मध्येच हरियाणात सापडलं होतं. चंदीगडच्या वास्तुविशारद मधू सरीन यांनी नाडा गावातल्या बायांसोबत बसून चूल तयार केली. भांडी त्यांची, जेवण त्यांचं, बदलही त्यांनी सुचवलेले. त्या 'नाडा चुली'चं विशेष म्हणजे गावातल्या बायाच चूल बांधणाऱ्या मिस्त्री झाल्या. चूल फुटली तर बनवणारी शेजारीच. पुण्याच्या 'आरती' संस्थेनेही 'लक्ष्मी' चुलीसाठी साचे केले, म्हणजे गावातल्या कारागिराला मापात चूल करता यावी.

"पण आता उज्ज्वला आहे ना?" २०१६ पासून गॅस खूप घरांत पोचला, आमच्याकडेही आहे. पण हिवाळ्यात सकाळी मोहाडीत या. धुऱ्यावरच्या तुरीच्या तुराट्या फुकट असताना आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा असं आईला सांगून बघा. "त्याले कायले गॅस पायजे?" जगात घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात ३२ लाख लोक गेले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गॅस आला म्हणून चूल संपत नाही.

म्हणून या दिवाळीत आईने आणि शेजारच्या काकूने मिळून चूल नव्याने घातली, मागच्या अंगणात, छपराखाली. माप आमच्या गंजाचं. धुराड्याच्या तळाशी एक वीट सैल ठेवली, म्हणजे ती काढून काजळी खरवडता येते. दर पंधरा दिवसांनी ते काम माझ्या भावाचं, आईचं नाही.

बाकी नियम आईनेच ठरवलेत. सरपण वाळलेलं आणि बारीक फोडलेलं. लाकडाखालून हवा जावी म्हणून आत लोखंडी जाळी. भांड्यावर झाकण. पेटवायला प्लॅस्टिक नाही, आणि रॉकेल तर मुळीच ओतायचं नाही. पदर खोचलेला, पोरं लांब. काम झालं की निखाऱ्यांवर पाणी. एक नियम माझा आहे. थंडीत शेगडी घेऊन दार-खिडक्या लावून झोपायचं नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आजीच्या वेळी हे जमलं असतं. माती होती, वीट होती, हात तर तिचेच होते.

तुमच्या घरी अजून चूल पेटत असेल, तर ती कोणी घातली आणि धुराडं शेवटचं कधी साफ झालं, ते आईला किंवा आजीला विचारा. उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!